एका चुलीवरची दोन लेकरं

कनेरगाव नाक्याला एक घर होतं. वाशीमहून हिंगोलीकडे येताना पैनगंगा ओलांडली की हे गाव लागतं. घरात दोन भाऊ होते, त्यांच्या बायका होत्या आणि म्हातारी आई होती. शेत बेताचं. सोयाबीन, त्यात तुरीची तासं, आणि विहिरीला पाणी राहिलं तर थोडी हळद. भाऊ मिळून राबायचे. घरात चूल एकच होती.

त्या वर्षी पोळ्याच्या आगेमागे दोन्ही सुना बाळंत झाल्या. दोघींचीही ही दुसरी खेप, म्हणून बाळंतपणं सासरीच झाली. थोरलीला मुलगी झाली. पंधरा दिवसांनी धाकटीला मुलगा झाला. मुलगी भरली 2 किलो 800 ग्रॅम, मुलगा 2 किलो 700. म्हातारी दोन्ही लेकरांना मांडीवर घेऊन बसायची तेव्हा कुठलं कोणाचं हे शेजारणींना सांगावं लागायचं.

म्हातारीने दोघी सुनांना सारखंच जपलं. डिंकाचे लाडू एकाच डब्यातून, आळिवाची खीर एकाच पातेल्यातून. एकीला शेक तर दुसरीलाही शेक. पहिला महिना दोन्ही लेकरं सारखीच वाढली.

दुसऱ्या महिन्यात मुलगा मागे पडू लागला.

अंगणवाडीत महिन्यातून एकदा लेकरांची वजनं व्हायची. सेविका आढ्याला काटा अडकवायची, त्याच्या झोळीत लेकरू ठेवायची, काटा थांबला की आकडा वहीत लिहायची आणि वाढीच्या तक्त्यावर टिंब द्यायची. थोरलीच्या लेकीची टिंबं एकापुढे एक वर चढत गेली. धाकटीच्या लेकाची टिंबं आडवी पडली आणि मग हिरव्यातून पिवळ्यात, पिवळ्यातून लालात उतरली. चौथ्या महिन्यात मुलगी 6 किलो झाली होती. मुलगा 3 किलो 800 ग्रॅमवर अडला होता.

सेविका दर वेळी विचारायची, "किती वेळा पाजता? रात्री पाजता का?"

"दिवसभर पदराखालीच असतो, बाई," धाकटी सांगायची.

ते खरंच होतं. मुलगा सतत रडायचा, सतत दूध मागायचा. पण घरातल्या बोलण्याला दुसरीच वाट फुटली होती. "दोघींना एकाच ताटातलं वाढते मी," म्हातारी म्हणायची. "थोरलीचं लेकरू बघा अन् हे बघा. पहिल्या खेपेला दूध होतं हिला, आता आटलं. असलं तरी पातळ असंल, लेकराच्या अंगी लागत नाही." शेजारणी माना हलवायच्या. कोणी म्हणायचं, ही मनानंच खचलेली आहे. कोणी म्हणायचं, ही फार झोपते.

धाकटी काही बोलायची नाही. ती दोन भाकरींच्या जागी तीन खाऊ लागली. तिचं स्वतःचं अंग भरलं, लेकराचं भरलं नाही. रात्र रात्र ती भिंतीला टेकून, लेकरू छातीशी धरून बसायची.

मग उपाय सुरू झाले. मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. दंडात काळा दोरा बांधला. गाईच्या दुधात पाणी घालून बाटलीने पाजून पाहिलं, तर पोट बिघडलं. सर्दी झाली की त्याच्या छातीत उतरायची. दवाखाना व्हायचा, औषध व्हायचं, आठ दिवस बरे जायचे आणि पुन्हा खोकला यायचा. एका मोठ्या आजारात तर घरातल्यांनी आशाच सोडली होती.

असाच पौष आला.

संक्रांतीच्या वाणाचं सामान आणायला थोरली नवऱ्यासोबत हिंगोलीला गेली. दुपारपर्यंत येते म्हणाली, पण परतीची एसटी लांबली. तिची लेक उपाशी होती. तिने रडून घर डोक्यावर घेतलं. म्हातारीने खेळवलं, पाणी लावलेलं बोट चोखायला दिलं, अंगणात फिरवलं. मुलगी ऐकेना. शेवटी धाकटीने हात पुढे केले आणि पुतणीला पदराखाली घेतलं.

म्हातारी दारात बसून तूर पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

मुलगी गटागट पीत होती. इतकी की तिच्या ओठांच्या कडेने दूध ओघळलं. एक बाजू संपवून ती दुसरीकडे वळली, पोटभर प्यायली, हातपाय सैल सोडले आणि झोपून गेली. तिन्हीसांजेला थोरली आली तरी ती जागी झाली नव्हती.

म्हातारी त्या रात्री काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने धाकटीचं लेकरू उचललं आणि थोरलीच्या मांडीवर ठेवलं. "याला पाज बरं," ती म्हणाली आणि समोरच बसली. आजवर तिने त्या लेकराला रडताना पाहिलं होतं, झोपलेलं पाहिलं होतं, काट्यावर पाहिलं होतं. पिताना नीट पाहिलं नव्हतं. सून पदर घ्यायची आणि सासू कामाला लागायची.

मुलाने अधाशासारखं तोंड लावलं. चार-पाच घोट घेतले आणि सोडून दिलं. त्याच्या नाकपुड्या फुलत होत्या. दम खाऊन त्याने पुन्हा तोंड लावलं, दोन घोट घेतले, पुन्हा सोडलं. बाहेर पौषातली थंडी होती, थोरलीने अंगावर शाल घेतली होती, आणि लेकराच्या कपाळावर घामाचे थेंब आले होते. थोड्याच वेळात तो दूध तोंडात तसंच ठेवून झोपला. अर्ध्या तासाने भुकेने रडत उठला.

म्हातारीने पदराने त्याचं कपाळ पुसलं. मग ती उठली आणि कोणाला न सांगता अंगणवाडीकडे चालू लागली.

"बाई," ती सेविकेला म्हणाली, "सुनंला दूध आहे. लेकराला भूक बी आहे. त्याला पिववत नाही. दमतंय ते."

सेविका हातातलं काम टाकून तिच्यासोबत आली. काटा तिने आणला नाही. ती धाकटीजवळ बसली आणि लेकरू पिताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहत राहिली. मग झबलं वर केलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या मधली जागा आत ओढली जात होती. लेकरू शांत झोपल्यावर तिने घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. सत्तर भरले. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या लेकराचे श्वास मिनिटाला 50 किंवा त्याहून जास्त भरले तर ती धोक्याची खूण असते, हे तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं. लेकराला ताप नव्हता, खोकलाही नव्हता.

"आजी," ती म्हणाली, "तपासणी तुम्हीच केली. आता थांबायचं नाही."

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाड्या तपासतं. देशभरचा हा कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर वेळेत हेरायचा, हे त्याचं काम. पथकाची पाळी यायला अजून अवकाश होता. सेविकेने वाट पाहिली नाही. फोन करून पथक कुठल्या गावात आहे ते विचारलं आणि म्हातारीला व धाकटीला लेकरासकट तिकडे पाठवलं. थोरलीही लेकीला कडेवर घेऊन सोबत गेली.

पथकातल्या डॉक्टरीण बाईंनी मुलाच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकलं. मग म्हातारीकडे पाहिलं. थोरल्या सुनेच्या कडेवरची मुलगी जवळ घेतली, नळीची टोकं म्हातारीच्या कानात घातली आणि मुलीच्या छातीवर ठेवली.

"काय ऐकू येतं, आजी?"

"धडधड. धडधड."

नळी मुलाच्या छातीवर गेली. म्हातारीने डोळे मिटले. धडधडीच्या मधे, प्रत्येक वेळी, एक लांब आवाज येत होता.

"हवा सुटल्यासारखं येतंय," ती म्हणाली.

"हवा नाही, रक्त आहे ते. नको त्या वाटेनं चाललंय," डॉक्टरीण बाई म्हणाल्या.

त्यांनी हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. तिथून पुढे हृदयाची इको तपासणी झाली. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र होतं.

लेकराच्या बापाला ते समजेना. तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याला विचारलं, "शेती आहे?"

"आहे थोडी."

"विहिरीवर मोटार असेल. समजा तिचा पाइप विहिरीतच फुटला. मोटार दिवसभर चालते, वीज जळते, पण निम्मं पाणी परत विहिरीतच पडतं आणि वाफे कोरडे राहतात. तुमच्या बाळाचं तसं झालंय. डावीकडचं शुद्ध रक्त अंगाला जायचं, ते छिद्रातून उजवीकडे येतं आणि पुन्हा फुप्फुसात जातं. फुप्फुसं भरून जातात, म्हणून दम लागतो, म्हणून सर्दी छातीत उतरते. हृदयाला दुप्पट राबावं लागतं. त्यामुळे अशा बाळाला किलोमागे इतर बाळांच्या सव्वा ते दीडपट अन्न लागतं. आणि पिताना दमल्यामुळे पोटात जातं निम्मंच."

"मग पहिल्या महिन्यात कसं वाढलं?" म्हातारीने विचारलं.

"जन्मल्यावर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या लगेच पूर्ण मोकळ्या होत नाहीत. तोवर छिद्रातून फारसं रक्त वळत नाही. महिना-दीड महिन्याने वळू लागतं. म्हणून जन्माच्या वेळी काही कळलं नाही. कोणाची चूक नाही यात."

धाकटी कोपऱ्यात उभी होती. शेवटचं वाक्य ऐकलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती सगळ्यांदेखत रडली.

डॉक्टरांनी हृदयावरचा ताण कमी करणारं औषध लिहून दिलं आणि पाजण्याची रीत बदलायला सांगितली. थोडं थोडं, पण सारखं पाजायचं. दमला की सोडायचं, ओढून पाजायचं नाही. उरलेलं दूध स्वच्छ वाटीत काढायचं आणि डोकं वर धरून चमच्याने द्यायचं, म्हणजे ओढण्याचे कष्ट वाचतात. बाटली बंद. दुधात पाणी बंद. लसी वेळेवर. खोकणाऱ्या माणसाने लेकराला घ्यायचं नाही. आणि शस्त्रक्रिया लवकर करायची.

घरी आल्यावर म्हातारी म्हणाली, "एवढ्याशा जिवावर सुरी? आधी अंग धरू द्या. पाच-सहा किलोचा झाला की नेऊ."

गावातही सगळे तेच म्हणाले. बापालाही ते पटलं. धाकटी मात्र सेविकेकडे गेली. सेविकेने डॉक्टरांना फोन लावला आणि तो म्हातारीच्या कानाला धरला.

"आजी," पलीकडून आवाज आला, "छिद्र लहान असतं तर थांबलो असतो. काही लहान छिद्रं आपोआप बुजतात. हे मोठं आहे. ते आहे तोवर तो अंग धरणार नाही. ते बुजलं की धरेल. आणि फार उशीर केला तर फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या कडक होतात, मग कोणालाच काही करता येत नाही. पोसायचं जोमाने, पण वजनाची वाट बघत बसायचं नाही."

म्हातारीने फोन परत दिला. रात्री तिने तुरीच्या पैशांचा रुमाल काढून धाकट्या लेकापुढे ठेवला. "वाटखर्चाला," ती म्हणाली.

नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे. तिथे लेकरांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेचे पैसे घेत नाहीत. कागद जुळले, तारीख मिळाली. मधल्या पाच आठवड्यांत धाकटीने वाटी-चमच्याने पाजून लेकराला 4 किलो 300 ग्रॅमपर्यंत आणलं. वजन कासवाच्या गतीने वाढलं, पण पुन्हा छातीत कफ भरला नाही. ज्या रात्री धाकटीचे डोळे मिटायचे, त्या रात्री म्हातारी चमचा हातात घ्यायची.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी बापाने कागदावर सही केली आणि डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, माझं रक्त लागलं तर सगळं घ्या."

डॉक्टर हसले. "असं एकदा खरंच करावं लागलं होतं," ते म्हणाले. "1954 साली अमेरिकेत मिनेसोटाला डॉक्टर लिलेहाय यांनी असंच छिद्र बुजवलं. शस्त्रक्रिया चालू असताना हृदयाचं काम करणारं यंत्र तेव्हा त्यांच्या हाताशी नव्हतं. म्हणून बाळाच्या बापाला शेजारच्या टेबलावर झोपवलं आणि नळ्या जोडून बापाच्या हृदयावर बाळाचं रक्त फिरवलं. आता ते काम यंत्र करतं. तुमचं काम इथून घरी गेल्यावर सुरू होईल."

शस्त्रक्रिया झाली. छिद्रावर ठिगळ बसलं. काही दिवस लेकरू काचेच्या दारापलीकडे होतं. मग एक दिवस ते धाकटीच्या हातात दिलं. तिने पदराखाली घेतलं आणि ती मोजू लागली. चार घोट झाले, पाच झाले, दहा झाले. मग ती मोजायचं विसरली.

गावी परतल्यावर त्याची भूकच बदलली. सहा महिने पूर्ण झाले तसा दुधासोबत मऊ वरण-भात सुरू झाला. म्हातारी त्यात चमचाभर तेल घालायची, कधी तूप, म्हणजे थोड्या घासात जास्त बळ पोटात जातं, असं तिला सांगितलं होतं. अंगणवाडीचा घरपोच आहार आला की तो लेकराच्याच वाट्याला जातो ना, यावर तिची नजर असायची. तपासणीच्या तारखा तिने चुन्याने भिंतीवर लिहून घेतल्या होत्या. तक्त्यावरचं टिंब लालातून पिवळ्यात आलं आणि पिवळ्यातून हिरव्याच्या काठाला लागलं.

पुन्हा पोळा आला. लेकराला वर्ष झालं तेव्हा त्याचं वजन 7 किलो 400 ग्रॅम होतं. चुलत बहीण त्याच्याहून दीड किलोने जड होती आणि चालायला लागली होती. तो भिंतीला धरून उभा राहत होता. म्हातारी शेजारणींना सांगायची, "गाठंल तो. घाई नाही."

त्या महिन्यात वजनाच्या दिवशी दुसऱ्या वस्तीवरची एक तरुण आई अंगणवाडीत आली होती. तिच्या लेकराचा काटा वर सरकत नव्हता. बायकांची कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, दूध कमी असंल. कोणी म्हणालं, नजर लागली असंल.

म्हातारी उठली आणि त्या पोरीजवळ जाऊन बसली. "पाज माय त्याला," ती म्हणाली. "मी बघते."

त्या लेकराच्या हृदयाला काही झालेलं नव्हतं. ते नीट प्यायलं, दमलं नाही, कपाळ कोरडं राहिलं. त्याच्या आईलाच दोन वेळचं पुरत नव्हतं. ते कळलं तेव्हा सेविकेने तिचं नाव आहाराच्या यादीत आहे की नाही ते पाहिलं, आणि म्हातारीने आपल्या घरातली पायलीभर तूर तिच्या ओटीत घातली.

लेकरू वाळतं त्याची कारणं अनेक असतात. कुठे ताटात कमी पडतं, कुठे ताट भरलेलं असूनही लेकराला खाववत नाही, आणि कुठे खाल्लेलं आतल्या आत खर्ची पडतं. काट्यावर या तिघांचा आकडा एकच दिसतो. म्हातारीने आकड्यावरून आईला दोषी ठरवलं होतं, पण म्हातारीच्या मायेत काही कमी नव्हतं. तिने घरातलं सगळं पाहिलं होतं, फक्त पिणारं लेकरू पाहिलं नव्हतं. ते पाहायला ना शाळा लागली ना पैसा. एक सकाळ लागली आणि आपलं मत बाजूला ठेवण्याची तयारी लागली.

जन्मणाऱ्या दर हजार बाळांत साधारण 8 ते 10 बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. त्यातले बरेचसे दोष आज दुरुस्त होतात, वेळेत कळले तर. म्हणून आपल्या घरातलं किंवा शेजारचं तान्हं दूध पिताना दमत असेल, मधेच सोडून धापा टाकत असेल, थंडीतही त्याच्या कपाळाला घाम येत असेल, सर्दी वरचेवर छातीत उतरत असेल आणि वजन अडलं असेल, तर त्याच्या आईला बोल लावू नका. लेकरू उचला आणि त्याची छाती डॉक्टरांना ऐकवा.